बत्तीस शब्द

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीचे वडील दाखला मागायला आले. त्यांचं पंक्चर काढण्याचं छोटं दुकान आहे. मुलगी गणितात हुशार, उर्दू आणि मराठी दोन्ही वह्या नेटक्या. कारण विचारलं तर म्हणाले, "सर, उर्दू पढ़के कम्प्युटर कैसा सीखेगी? इंग्लिश मीडियम में डालतूं." रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. मराठी शाळांतले माझे मित्रही रोज हेच ऐकतात, फक्त 'उर्दू'च्या जागी 'मराठी' येतं. मी म्हणालो, "भाई, आठ दिवस द्या. मग दाखला देतो."

त्या रात्री घरातली जुनी लोखंडी पेटी उघडली. तळाशी खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक होतं. कव्हरवर माझ्याच हातचं उर्दू अक्षर : 'लेट अस सी'. लेखक यशवंत कानेटकर, नागपूर.

मी 1999 साली बारावी झालो. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. कॉम्प्युटर शिकला की नोकरी, असं सगळे सांगायचे, आणि अब्बांनी शहरातल्या एका क्लासची फी भरली. तीन महिन्यांत क्लासला टाळं लागलं. फी गेली, हातात राहिली ती एक फ्लॉपी. सोलापूरच्या मामूंना दया आली. त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून हे पुस्तक आणून दिलं. कॉम्प्युटर मात्र सत्तर किलोमीटरवर, त्यांच्या ओळखीच्या एका ऑफिसात. महिन्यातून दोन रविवार तिथे बसायला मिळायचं. बाकीचे दिवस प्रोग्रॅम वहीत लिहायचा आणि डोक्यातच चालवून बघायचा.

माझी इंग्रजी तर्खडकरांच्या पाठमालेवर आणि एका फाटक्या इंग्रजी-उर्दू लुगतवर उभी होती. पहिली दहा पानं वाचायला चार दिवस लागले. मग एका पानावर एक तक्ता दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. सी भाषेत राखीव शब्द फक्त 32. 1989 च्या अमेरिकी प्रमाणात ठरलेले. इफ, एल्स, व्हाइल, फॉर, ब्रेक, कंटिन्यू, रिटर्न... बत्तीस शब्द तर आमच्याकडचं पोरगं बाजाराच्या यादीसारखे पाठ करील. इंग्रजी येणं वेगळं आणि बत्तीस शब्द येणं वेगळं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. ('प्रिंटएफ' त्या बत्तिसांत नाही, ते बाहेरून आणलेलं तयार काम आहे, हे कळायला मात्र आणखी दोन महिने गेले.)

ऑफिसातल्या मशीनवर बोरलँड कंपनीचं टर्बो सी होतं. निळा पडदा, पिवळी अक्षरं. अर्धविराम विसरला की ते तक्रार करायचं आणि बोट दाखवायचं पुढच्या ओळीकडे. चूक एकाची, ठपका दुसऱ्यावर. पहिला महिना मी निर्दोष ओळी दुरुस्त करण्यात घालवला.

एका रविवारी मामूंच्या कर्जाचं व्याज काढायला बसलो. मुद्दल 40000 टाकलं. पडद्यावर आलं उणे 25536. मामू म्हणाले, "बँकच आपल्याला देणं लागते की काय?" बसमध्ये पुस्तक उघडलं. त्या काळच्या टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक 16 बिटांच्या डब्यात ठेवला जायचा आणि त्यात 32767 च्या वरचा आकडा मावत नसे. वरचा आकडा गोल फिरून ऋण बाजूने बाहेर येतो. 40000 वजा 65536 म्हणजे बरोबर उणे 25536. इलाजही तिथेच होता, 'लाँग' नावाचा मोठा डबा. तुळजापूर यायच्या आत मी वहीत गणित जुळवलं. मास्तर समोर नसताना पुस्तकाने शंका फेडली, याचा तो आनंद मी नंतर बी.एड.च्या कुठल्याही तासाला अनुभवला नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर प्रश्न पडला, की हे पुस्तक शिकवू कसं शकलं? सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये घडवली. तिचं मूळ पुस्तक ब्रायन कर्निघन आणि रिची यांनी 1978 साली लिहिलं. छोटं, काटेकोर, उत्तम. पण लेखकांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलंय, की हे प्रोग्रॅमिंगचं प्राथमिक पुस्तक नव्हे, वाचकाला थोडं आधीच येतं असं गृहीत धरलंय. आमच्यासारख्याला त्या दारातूनच परत फिरावं लागलं असतं. कानेटकर मुंबईच्या व्हीजेटीआयचे मेकॅनिकल इंजिनिअर, पुढे आयआयटी कानपूरचे एम.टेक., आणि नागपुरात बसून शिकवणारे. पोरं कुठे अडतात हे वर्गात पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं ते पुस्तक आहे. वाक्यं छोटी, थोडा विनोद, मग प्रश्न, आणि प्रश्नांत मुद्दाम लावलेले सापळे. दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनाने ते परवडेल अशा किमतीत देशभर पोचवलं.

दुसरं नाव आपल्या शेजारचंच. सोलापूरचे अच्युत गोडबोले आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झाले आणि मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या सांभाळल्या. त्यांनी अतुल कहाते यांच्याबरोबर इंटरनेटच्या तंत्रावर जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि त्याच हाताने मराठीतही कॉम्प्युटर समजावून सांगितला. पण कॉम्प्युटर काय आहे हे सांगणारी पुस्तकं मराठीत आली तशी, हाताने प्रोग्रॅम लिहायला लावणारी फार थोडी आली. उर्दूत त्याहून कमी.

आता इथे आपल्या जिल्ह्याचा इतिहास आठवल्याशिवाय राहवत नाही. ज्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद, त्याच्याच नावावरून हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ. 1918 साली स्थापन झालं, उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी. त्याच्या आधीच, 1917 मध्ये, 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. आधी पुस्तकं, मग वर्ग, असा क्रम. गणित, भौतिक, रसायन, इंजिनिअरिंग, एवढंच काय, वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं. पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावर वहीदुद्दीन सलीम यांनी 1921 साली स्वतंत्र पुस्तक लिहिलं. म्हणजे 'उर्दू पढ़के कैसा सीखेगी' या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी याच संस्थानात दिलं गेलं होतं.

आपले लोक ही गोष्ट फार अभिमानाने सांगतात. मीही सांगतो. पण अर्धीच सांगू नये. उस्मानाबादच्या शेतकऱ्याचं मराठी बोलणारं पोर त्या उर्दूपुढे तसंच उभं होतं, जसं आज माझं पोर इंग्रजीपुढे उभं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, जिथे स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं, ती त्या काळी का लागली याचं उत्तर यातच आहे. शिवाय कित्येक घडवलेले शब्द इतके अरबी होते, की ते समजायला आणखी एक लुगत लागावी. 1948 नंतर उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं आणि ती पुस्तकं ग्रंथालयांत धूळ खात पडली. प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही, तो अर्ध्यावर सुटला. पुढची पिढी कॉम्प्युटरपर्यंत पोचली तेव्हा 'दारुल तर्जुमा' उरला नव्हता.

त्याची जागा कुणी घेतलीच नाही असंही नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून मराठीत घरबसल्या शिकण्याची पुस्तकं काढली, शेतीपासून शिक्षणशास्त्रापर्यंत. ती मास्तरासारखी बोलतात, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. 2001 मध्ये एमएस-सीआयटी आलं आणि तालुक्याच्या गावी मराठीत माऊस धरायला शिकवू लागलं. दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेने ठिकठिकाणी कॉम्प्युटर आणि डीटीपीचा डिप्लोमा सुरू केला. आमची बरीच पोरं त्यावर लग्नपत्रिकांच्या धंद्याला लागली. चांगलंच झालं. पण हे सगळं दुसऱ्याने बनवलेला कॉम्प्युटर वापरायचं शिक्षण होतं. त्याला नवं काम सांगण्याचं शिक्षण इंग्रजी पुस्तकातच राहिलं.

आणि त्या पुस्तकांत एक गोष्ट नव्हती : आपली अक्षरं.

बी.एड. झालं, नोकरी लागली, आणि शाळेसाठी दोन भाषांत एक वेबपान करायचं डोक्यात आलं. एचटीएमएल शिकणं सीच्या मानाने सोपं. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 साली पहिली यादी दिली तेव्हा खुणा होत्या जेमतेम अठरा. शिवाय ब्राउझरमध्ये कुठल्याही पानाचा कोड उघडून बघता येतो. जगातली प्रत्येक वेबसाइटच जणू स्वयंशिक्षक. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी दुसऱ्यांची पानं वाचायचो आणि वहीत उतरवून घ्यायचो. पण शाळेचं नाव मराठीत टाकलं की दुसऱ्या मशीनवर चित्रविचित्र चिन्हं दिसायची, कारण तो फाँट तिथे नसायचा. उर्दूचं दुखणं आणखी मोठं. इनपेजमध्ये सुंदर नस्तालीक जुळवायचं, त्याचं चित्र करायचं आणि ते चित्र चिकटवायचं. तेव्हा कित्येक उर्दू वर्तमानपत्रंही हेच करत. मजकूर म्हणजे नुसता फोटो. त्यात काही शोधता येत नाही, त्यातून काही उचलता येत नाही.

उलगडा सीच्या पुस्तकाकडे परत गेल्यावर झाला. तिथला अक्षराचा डबा, 'कॅर', एका बाइटचा. इंग्रजी अक्षर त्यात आरामात बसतं. आज वापरात असलेल्या यूटीएफ-8 पद्धतीत उर्दूचं एक अक्षर दोन बाइट घेतं आणि देवनागरीचं तीन. पुढे लिनक्सवर मी 'शाळा' हा शब्द देऊन लांबी विचारली, तर उत्तर आलं 12. श, काना, ळ, काना : चार चिन्हं गुणिले तीन. उर्दू लिपीतला 'मदरसा' पाच अक्षरांचा, त्याचं उत्तर 10. पुस्तकातली उदाहरणं सगळी इंग्रजी नावांची होती, म्हणून हा प्रश्नच कुठे उद्भवला नव्हता. गंमत अशी, की ही यूटीएफ-8 पद्धत 1992 मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी त्याच बेल लॅबमध्ये बसवली, आणि थॉम्प्सन हे रिचींचे जुने जोडीदार. ज्या घरातून आपल्याला न मावणारा डबा आला, तिथूनच त्याचा तोडगाही आला.

मग माझं पान दोन छोट्या बदलांनी सुधारलं. वर अक्षरपद्धत यूटीएफ-8 असल्याची एक ओळ, आणि उर्दू परिच्छेदाला उजवीकडून डावीकडे वाचण्याची सूचना. ही सूचना एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे 1997 पासून उपलब्ध होती. मला ती कळायला कितीतरी वर्षं लागली. ती वर्षं माझ्या मंदपणामुळे गेली नाहीत. मराठी किंवा उर्दू पोरासाठी लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पाच पानांत ती ओळ आली असती. नागपूरच्या लेखकाने साऱ्या देशासाठी लिहिलं, त्याला दोष नाही. आपल्यासाठी लिहिणं आपलं काम होतं.

'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला, हे आपल्या जलशांतून नेहमी सांगितलं जातं. त्याने बीजगणिताचं पुस्तक नवव्या शतकात लिहिलं ते वारसा वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी अशा रोजच्या कामांसाठी, आणि भारतीय अंकांवरही लिहिलं. त्याच्या नावाच्या अभिमानावर टाळ्या मिळतात. पण तसं कामाचं पुस्तक आठवीच्या पोरीसाठी आज लिहायला कुणी बसत नाही.

आठ दिवसांनी वडील आले. मुलीला मी रोज मधल्या सुट्टीनंतर ऑफिसातल्या मशीनवर बसवलं होतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलचे मराठीतले धडे लावून दिले होते. ऐकायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं. बत्तीस शब्द तिने उर्दू अर्थासह वहीत लिहून काढले होते. वडिलांसमोर तिने दुकानाचा हिशेब चालवून दाखवला : पंक्चर किती, दर काय, दिवसाचे एकूण. एका ठिकाणी अडखळली, अर्धविराम राहिला होता. तिने आधीच्या ओळीकडे बघितलं आणि दुरुस्त केला.

वडिलांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, खिशातली चोपडी काढून ताडून पाहिला आणि विचारलं, "उधारी कहां है इसमें?"

उधारीचा विचार तिने केला नव्हता, मीही नाही. दाखल्याचा अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. तिने उधारीसाठी वेगळा डबा करायला घेतला आहे. मी एक नवी वही आणली आहे आणि पहिल्या पानावर ती अक्षरपद्धतीची ओळ लिहिली आहे, मराठीत आणि उर्दूत.