दाभोळ बंदर आणि तीन समुद्रांपलीकडचा वाटसरू

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तर काठावर वसलेले दाभोळ हे पंधराव्या शतकात बहमनी राज्याचे पश्चिम समुद्रावरील एक प्रमुख बंदर होते. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसल्यामुळे तेथील घोडदळ अरबस्तान व इराणकडून येणाऱ्या जनावरांवर अवलंबून असे आणि ही जनावरे ज्या बंदरांत उतरत, त्यांत दाभोळची गणना होई. अशा बंदराचा इतिहास सहसा सुलतान, सरदार आणि आरमारे यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु वास्को द गामाच्या आगमनापूर्वी सुमारे पाव शतक या किनाऱ्यावर वावरलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या टिपणांत ते एका कफल्लक वाटसरूच्या नजरेतून दिसते, आणि ही नजर प्रत्येक गावाला अंतर, भाव व जकात यांच्या मापाने मोजते.

निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर या शहराचा रहिवासी होता. आस्त्राखानजवळ तातारांनी त्याच्या तांड्याची लूट केली आणि मायदेशी देणेकरी असलेल्यांना परतीची वाट उरली नाही, तेव्हा तो कास्पियन समुद्र ओलांडून इराणमार्गे होर्मुझला पोहोचला व तेथून विक्रीसाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला. चौलहून घाट चढून तो जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तेथेच अडकला. रात्रंदिवस कोसळणारा पाऊस, सगळीकडे चिखल आणि त्यातच चाललेली नांगरणी-पेरणी यांची नोंद त्याने केली आहे. घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, हेही त्याने टिपले आहे. हा तपशील केवळ कुतूहलाचा नव्हता, कारण तो घोडा जुन्नरपर्यंत आणण्यास आपल्याला शंभर रूबल लागल्याचे तो सांगतो. तेथील खानाने तो घोडा हिरावून घेतला, धर्मांतर केल्यास हजार सोन्याच्या नाण्यांसह तो परत देण्याचे आमिष दाखवले आणि चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी अधिकाऱ्याने रदबदली केल्यामुळेच निकितिन या पेचातून सुटला.

पुढे राजधानी बीदरला त्याने घोडा विकला, परंतु व्यापाराची मूळ आशा फोल ठरली. मिरी आणि रंग स्वस्त असले तरी रशियात खपेल असा माल येथे नाही, जकात, म्हणजे मालावरील सरकारी कर, जबर आहे आणि समुद्रावर चाचे पुष्कळ आहेत, असा त्याच्या तक्रारीचा आशय आहे. चाच्यांचा हा उल्लेख रत्नागिरीच्या इतिहासाशी थेट जुळतो. कारण याच सुमारास बहमनी वजीर महमूद गावान याने जहाजांची लूट थांबवण्याच्या हेतूने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर या भागांवर मोहीम काढली होती व तिचा शेवट १४७२ मध्ये गोवा घेण्यात झाला.

दाभोळ हे निकितिनच्या प्रवासात परतीचे दार ठरले. ईस्टरच्या सुमारे तीन महिने आधी त्याने होर्मुझपर्यंतच्या प्रवासासाठी दोन सोन्याची नाणी मोजून तेथून गलबत धरले. हा काळ हिवाळ्याचा, म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यांचा होता, आणि अरबस्तानाकडे जाणारी शिडाची जहाजे याच वाऱ्यांवर निघत असत. तरीही त्याचे गलबत भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तेथे तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटल्यामुळे लूट टळली, असे तो नोंदवतो. पुढे मस्कत, होर्मुझ आणि काळा समुद्र ओलांडूनही तो घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा मृत्यू झाला आणि त्याची टिपणे १४७५ च्या सुमारास मॉस्कोला पोहोचली. कास्पियन, हिंदी आणि काळा या तीन समुद्रांवरून त्यांना ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे नाव मिळाले.

१५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने दाभोळ जाळले. त्या स्वारीचा वृत्तांत जेत्यांच्या बाजूने लिहिला गेला असल्यामुळे त्यात बंदर दिसते ते शत्रूचे ठाणे म्हणून. त्याआधीचे दाभोळ, जेथे मिसर, अरबस्तान आणि खुरासानचे घोडे उतरत, जेथून बीदरची वाट महिनाभराची होती आणि जेथे दोन नाण्यांत परक्या माणसालाही गलबतावर जागा मिळे, ते कळते तोट्यात गेलेल्या एका व्यापाऱ्याच्या हिशेबी टिपणांतून.