ब्राउझर ‘रीसेट’ केल्यानंतर : काय जाते, काय उरते आणि काय पुन्हा बसवावे लागते

संगणकावर संकेतस्थळे पाहण्यासाठी आपण जी प्रणाली वापरतो तिला ब्राउझर, म्हणजेच न्याहाळक, असे म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स व एज हे आज सर्वसामान्यपणे वापरले जाणारे न्याहाळक होत. पाने उघडण्यास विलंब लागू लागला, न मागितलेल्या जाहिराती दिसू लागल्या अथवा मुखपृष्ठ आपोआप बदलले की जाणकार मंडळी ‘रीसेट करून टाका’ असा सल्ला देतात. सल्ला चुकीचा नसतो. परंतु रीसेट म्हणजे नेमके काय, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसगत होते. जे पुसले गेले असे आपण समजतो ते तसेच राहते आणि जे राहील असे गृहीत धरतो ते नाहीसे होते. सोलापूर व परिसरातील वाचकांना मराठी पानांच्या संदर्भात येणाऱ्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती येथे देत आहोत.

रीसेटची सोय फार जुनी नाही. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती २००६ साली सातव्या आवृत्तीबरोबर आली आणि फायरफॉक्समध्ये २०१२ साली. एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त करण्यात आला. आजच्या क्रोम व एजमध्ये रीसेट केल्यास आरंभीचे पान, नव्या टॅबचे पान, शोधयंत्र व टाचून ठेवलेले टॅब मूळ स्थितीस येतात, जोडलेले सर्व विस्तार, म्हणजे एक्स्टेन्शन, बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात. मात्र वाचनखुणा, पाहिलेल्या पानांची नोंद आणि साठवलेले पासवर्ड यांना हात लागत नाही. फायरफॉक्समध्ये या क्रियेला ‘रिफ्रेश’ म्हणतात व तिची रीत थोडी निराळी आहे. तेथे वाचनखुणा, नोंदी, पासवर्ड व कुकीज राखल्या जातात. विस्तार मात्र नुसते बंद न होता काढूनच टाकले जातात आणि आपण बदललेल्या बहुतेक आवडीनिवडी पुसल्या जातात. जुनी सर्व सामग्री डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवली जाते. तो फोल्डर केर समजून लगेच टाकून देऊ नये. काही राहून गेले असल्यास परत मिळण्याची जागा तीच आहे.

सामायिक संगणकाचा धोका

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम सांगणे इष्ट. सायबर कॅफे, सेवा केंद्र, शाळेची संगणक खोली, किंवा घरातील चार-पाच जण वापरतात तो एकच संगणक, अशा ठिकाणी विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरतात, ज्येष्ठ मंडळी निवृत्तिवेतनाचे काम करून घेतात, शेतकरी शिष्यवृत्तीपासून सातबाऱ्यापर्यंत सर्व तेथेच पाहतात. २००४ साली सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि आज विद्यार्थ्यांची बहुतांश कामे संकेतस्थळावरूनच होतात. काम संपल्यावर ‘आता रीसेट करू, म्हणजे आपले काही मागे राहणार नाही’ अशी अनेकांची समजूत असते. ती पूर्णपणे चुकीची आहे. वर सांगितल्याप्रमाणे पासवर्ड साठवला गेला असेल तर रीसेटनंतरही तो त्याच संगणकावर राहतो आणि कोणती पाने पाहिली याची नोंदही राहते. पुढे बसणाऱ्या व्यक्तीला तो पासवर्ड वापरता येईल.

अशा जागी रीसेटचा उपयोग नाही. ‘पासवर्ड’ या विभागात जाऊन आपल्या खात्याची नोंद तेवढी काढून टाकावी. आपल्या गूगल खात्याने तेथील क्रोममध्ये प्रवेश केला असल्यास तेथून बाहेर पडावे, आणि घरी आल्यावर त्या खात्याच्या सुरक्षा विभागात ‘आपली उपकरणे’ पाहून अनोळखी उपकरण काढून टाकावे. पुढील वेळी खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, काम करावे व शेवटी ती खिडकी बंद करावी. उतरवून घेतलेल्या पावत्या व आधारपत्राच्या प्रती मात्र खासगी खिडकी बंद झाली तरी ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहतात. त्या आठवणीने पुसाव्यात.

घरच्या संगणकावर प्रश्न उलटा असतो. क्रोम किंवा एज रीसेट केल्यावर कुकीज गेल्यामुळे सगळीकडून आपण बाहेर फेकले जातो. टपाल, बँक, रेल्वे आरक्षण, सर्व ठिकाणी पुन्हा प्रवेश करावा लागतो. पासवर्ड आठवत नाही. बँक आपला संगणक नवखा समजून पुन्हा ओटीपी मागते आणि तो ज्या भ्रमणध्वनीवर येतो तो क्रमांक कधीच बंद झालेला असतो. म्हणून रीसेटपूर्वी साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडून खात्री करून घ्यावी. मुख्य खात्यांशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक चालू आहे की नाही, हेही पाहावे.

मराठी अक्षरे बिघडली तर

रीसेटनंतर ‘मराठी गेले’ अशी तक्रार सर्वाधिक ऐकू येते. तिचे प्रकार वेगवेगळे असतात आणि उपायही वेगवेगळे.

पहिला प्रकार लिहिण्याचा. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा विस्तार ज्यांनी न्याहाळकात बसवला होता, त्यांचा तो विस्तार रीसेटने बंद झालेला असतो. क्रोम व एजमध्ये विस्तारांच्या पानावर जाऊन तो पुन्हा सुरू करता येतो. फायरफॉक्समध्ये नव्याने बसवावा लागतो. याहून चांगला मार्ग असा की मराठी कळफलक न्याहाळकात न ठेवता विंडोजमध्येच जोडावा. इनस्क्रिप्ट तेथे पूर्वीपासून आहे, आणि उच्चारानुसार टंकण्याचा मराठी कळफलक विंडोज १० मध्ये २०१९ साली दाखल झाला. न्याहाळक कितीही वेळा रीसेट केला तरी त्याला धक्का लागत नाही.

दुसरा प्रकार वाचण्याचा. येथे पडद्यावर नेमके काय दिसते हे नीट पाहावे, कारण निदान त्यावरच अवलंबून आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येत असेल व त्याच्या मागे विचित्र चिन्हे असतील, तर पान युनिकोडमध्येच आहे, पण न्याहाळकाने त्याची संकेतपद्धती चुकीची ओळखली आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते व त्यांतील पहिला बाइट नेहमी तोच असतो. तो युरोपीय अक्षर म्हणून वाचला गेला की हा रेघवाला ‘ए’ उमटतो. फायरफॉक्समध्ये ‘व्ह्यू’ या यादीत संकेतपद्धती दुरुस्त करण्याचा पर्याय आहे. क्रोममधून संकेतपद्धती हाताने बदलण्याची सोय काढून टाकण्यात आली आहे, तेव्हा तेच पान फायरफॉक्समध्ये उघडून पाहणे सोपे.

चौकोनी डबे दिसत असतील, तर दोष न्याहाळकाचा नाही. संगणकावर देवनागरी टंक, म्हणजे फॉन्ट, नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की हा प्रश्न मिटतो. ‘मंगल’ हा जुना टंक विंडोज १० पासून देवनागरीच्या पूरक टंकांच्या ऐच्छिक संचात ठेवला आहे, हे तो शोधणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आणि साध्या इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन भेळ दिसत असेल, तर ते पान युनिकोडपूर्व काळातील टंकात रचलेले आहे. या शतकाच्या आरंभी मराठी वर्तमानपत्रांची व संस्थांची अनेक संकेतस्थळे अशीच होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली होती व विंडोज २००० मध्ये ती वापरताही येत होती. परंतु त्या काळच्या बहुतेक घरगुती संगणकांवर ती सोय नव्हती. एक्सपीमध्येदेखील सीडी घालून ती वेगळी बसवावी लागे. म्हणून प्रत्येक प्रकाशक आपापला टंक वापरी आणि इंटरनेट एक्सप्लोरर तो पानाबरोबरच उतरवून घेई. क्रोम व फायरफॉक्सने टंकाचा तो प्रकार कधीच स्वीकारला नाही. अशी पाने आज वाचता येत नाहीत म्हणून न्याहाळक रीसेट करणे व्यर्थ आहे. एजमधील आयई मोडमध्ये त्यांतील काही उघडतात, सर्व नव्हेत. त्या मोडच्या यादीत आपण घातलेले पान ३० दिवसांनी यादीतून आपोआप गळते, तेव्हा महिन्याभराने ते पुन्हा बिघडले तर रीसेटला दोष देऊ नये. मजकूर जपायचा असेल तर तो युनिकोडमध्ये परिवर्तित करून ठेवणे हाच टिकाऊ उपाय होय. जुन्या स्मरणिका व पत्रिकांच्या संगणकीय प्रती ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या टंकाची फाइलही सोबत सांभाळावी. ती हरवली तर मजकूर ओळखणे फार कष्टाचे होते.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांना आणखी एक फरक जाणवतो. मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ दाखवणारा टंक ज्यांनी मुद्दाम निवडला होता, त्यांना रिफ्रेशनंतर हिंदी वळणाची अक्षरे दिसू शकतात. ‘फॉन्ट’ विभागातील प्रगत पर्यायात लिपी म्हणून देवनागरी निवडून आपला टंक पुन्हा ठरवावा. ज्येष्ठांसाठी अक्षराचा किमान आकारही तेथेच वाढवता येतो.

सोलापूर हे बहुभाषी शहर. मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड व उर्दू घराघरांत नांदतात. न्याहाळक प्रत्येक संकेतस्थळाला आपल्या पसंतीच्या भाषांची क्रमवार यादी पाठवत असतो आणि अनेक संकेतस्थळे त्या क्रमानुसार पान दाखवतात. रीसेटनंतर पाने अचानक इंग्रजीत किंवा हिंदीत दिसू लागली, तर ‘भाषा’ विभागात मराठी सर्वांत वर आहे का, हे पाहावे. घरातील दुसरी भाषा तिच्याखाली ठेवावी.

सातबारा, पावती आणि अडलेली खिडकी

सरकारी कामांत अडचण येते ती नव्या खिडकीची. उतारा किंवा शुल्काची पावती पुष्कळदा वेगळ्या खिडकीत उघडते आणि न्याहाळक अशा खिडक्या मूलतः अडवतो. पूर्वी दिलेली परवानगी रीसेटमध्ये जाते. बटण दाबूनही काही घडत नाही, पैसे मात्र खात्यातून वजा होतात, आणि माणूस घाबरून पुन्हा शुल्क भरतो. तसे करू नये. प्रथम पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला खिडकी अडवल्याचे चिन्ह दिसते का पाहावे व त्या एका संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या सीमेलगतच्या तालुक्यांत ज्यांची शेती दोन्ही राज्यांत आहे, त्यांनी महाराष्ट्राच्या ‘महाभूलेख’ला आणि कर्नाटकाच्या ‘भूमी’ला अशी परवानगी वेगवेगळी द्यावयाची असते.

रीसेट करूनही दोष गेला नाही तर

‘आपले कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा प्रत्येक पानावर येत असेल, तर संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यानंतर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि सुरक्षिततेची प्रमाणपत्रे खोटी ठरतात. सेल बदलून तारीख दुरुस्त केली की काम होते. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. २०२३ च्या फेब्रुवारीपासून त्या प्रणालीसाठी नवी आवृत्ती निघालेली नाही. तेथे नवी संकेतस्थळे बिघडलेली दिसली तर ते जुनेपणामुळे.

काढून टाकलेली जाहिरात वा नकोसे मुखपृष्ठ दुसऱ्या दिवशी परत आले, तर दोन जागा तपासाव्यात. दुसऱ्या उपकरणावरील त्याच खात्यातून नकोसा विस्तार समक्रमणाने परत येत असेल, किंवा विंडोजमध्येच एखादा उपद्रवी प्रोग्रॅम बसलेला असेल. न्याहाळकाचा रीसेट विंडोजमधील प्रोग्रॅमला शिवत नाही. स्वतःच्या घरच्या संगणकावर ‘आपल्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी ओळ दिसली तर तो संशयाचा विषय आहे. कार्यालयाच्या संगणकावर ती स्वाभाविक असते.

खरे तर पुष्कळदा रीसेटची गरजच नसते. बिघडलेले पान खासगी खिडकीत उघडून पाहावे. तेथे विस्तार सहसा बंद असतात व जुन्या कुकीज नसतात. पान तेथे नीट चालले, तर त्या एका संकेतस्थळाच्या कुकीज पुसाव्यात किंवा विस्तार एकेक करून बंद करून पाहावेत.

अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर क्रोममध्ये संगणकासारखा रीसेट नाही. तेथे लोक अॅपच्या माहितीत जाऊन ‘डेटा साफ करा’ दाबतात. ही क्रिया फार कठोर आहे. खात्याशी समक्रमण नसेल तर वाचनखुणाही जातात. नुसता ‘कॅशे’ साफ केल्याने असे नुकसान होत नाही.

शेवटची सूचना पैशांसंबंधी. खाते उघडेनासे झाले की लोक शोधयंत्रात ‘कस्टमर केअर क्रमांक’ असे लिहून जो पहिला क्रमांक दिसेल त्यावर दूरध्वनी करतात. भामटे नेमके असेच क्रमांक पेरून ठेवतात. बँकेचा क्रमांक पासबुकावर अथवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच वापरावा. समोरची व्यक्ती आपला पडदा दाखवणारे अॅप घ्यावयास सांगू लागली किंवा ओटीपी विचारू लागली, तर बोलणे तेथेच थांबवावे. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे व बँकेलाही सांगावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.