नोंद आणि दर्शन

भनपुरीस बदली होऊन आलेल्या माणसास रायपूरचा पहिला परिचय घडतो तो कारखान्यांच्या धुराचा. येथे पाहण्याजोगे काय आहे, असे आपण एकमेकांस विचारतो आणि पुढील बदलीची वाट पाहू लागतो. अशा वेळी मला विष्णु श्रीधर वाकणकरांचे स्मरण होते.

वाकणकर मराठी घरातले. पण त्यांचा जन्म १९१९ साली नीमचला झाला आणि कर्मभूमी उज्जैन ठरली. वृत्तीने ते चित्रकार. १९५७ साली आगगाडीने भोपाळकडे जाताना दूरच्या डोंगरावर विलक्षण आकाराचे खडक त्यांना दिसले. ते गाडीतून उतरले आणि रान तुडवीत तेथे पोहोचले. ते स्थान म्हणजे भीमबेटका.

या स्थानाचा उल्लेख १८८८ सालीच झाला होता. स्थानिक आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून ते बौद्ध अवशेषांचे ठिकाण म्हणून नोंदले गेले. म्हणजे नोंद होती. ती पडताळणारी दृष्टी तेथे पोहोचण्यास जवळजवळ सत्तर वर्षे लागली. फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आपणांस यातील मर्म सांगावयास नको.

त्या शैलाश्रयांच्या भिंती म्हणजे मानवी इतिहासाचे एक अखंड प्रदर्शनच होय. तांबड्या आणि पांढऱ्या रंगांत रानटी जनावरे, शिकारी, फेर धरून नाचणारी माणसे आहेत. पुढे घोडेस्वार आणि शस्त्रधारी सैनिकही अवतरतात. एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे. वाकणकरांनी या चित्रांच्या नकला काढल्या. नकल काढताना कोणती रेघ खालची आणि कोणती वरची, हे ओळखावेच लागते. आणि खालची रेघ ती आधीची. असंख्य अनाम हातांचे काम अशा रीतीने एका चित्रकाराच्या हातून इतिहासाचे साधन झाले.

पुढे १९७०च्या दशकात वाकणकरांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्रांनी तेथे उत्खनन केले. पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतची दगडी हत्यारे थराथरांतून मिळाली. मात्र येथे एक सावधगिरी हवी. वस्ती लाखो वर्षांपूर्वीची असली, तरी चित्रे तितकी प्राचीन नव्हेत. त्यांतील बहुतेक मध्याश्मयुगातील आणि त्यानंतरची मानली जातात. हत्यार घडविणारा हात आणि चित्र काढणारा हात यांच्यामध्ये मोठा काळ लोटला आहे. १९८२ साली अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा येथे प्राचीन मानवी कवटीचा अवशेष मिळाला. तिचे स्थान मानवाच्या वंशवृक्षात नेमके कोठे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

वाकणकरांस १९७५ साली पद्मश्री मिळाली. १९८८ साली ते निवर्तले. भीमबेटका २००३ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले.

आपल्या रायपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी रायगढवरून जाते. हा शिवछत्रपतींचा रायगड नव्हे. पण त्याच्याजवळच्या सिंघनपूरच्या डोंगरातही प्राचीन शैलचित्रे आहेत. १९१० साली ती प्रथम प्रकाशात आणणारे अँडरसन हे रेल्वेतील अभियंते होते, म्हणजे आपल्यासारखेच नोकरीनिमित्त येथे आलेले. या मार्गाने मी अनेकदा गेलो आहे. उतरलो मात्र एकदाही नाही. पुढील बदलीचा हुकूम येण्यापूर्वी तेवढे घडावे, अशी इच्छा आहे.