भातवडीची सरहद्द

सन १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तरी निजामशाही बुडाली नाही. मलिक अंबर या हबशी सरदाराने परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि पुढची पंचवीस वर्षे दख्खनची सरहद्द झुंजती ठेवली. ही व्यवस्था होती तरी कशी?

मोगलांसारखा अवजड लवाजमा अंबरला परवडणारा नव्हता. त्याची भिस्त हलक्या घोडदळावर. त्यात हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, शत्रूला डोंगरात ओढायचे, ही या फौजेची रीत. तिचा खर्च महसुलातून निघे. म्हणून जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याकडे अंबरने लक्ष दिले.

१६२४ साली मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. नगरजवळच्या भातवडीला तलावाचे पाणी सोडून अंबरने त्यांची छावणी चिखलात अडकवली व लढाई जिंकली. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहंमद लारी मारला गेला. अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव मात्र मोगलांकडे होते.

दोन्हीकडे मुसलमान, दोन्हीकडे मराठे. मग ही लढाई कोणत्या धर्माची म्हणायची? १६२६ मध्ये अंबर वारला, १६३६ मध्ये निजामशाही संपली. इतिहासाची धर्मवार वाटणी करणारे, मग ते आपल्यातले का असेनात, त्यांना आपण भातवडीची वाट दाखवली पाहिजे.