वऱ्हाडचे विद्यापीठ आणि दर्यापूरचे अंतर

विद्यापीठाचा वार्षिक वृत्तान्त कोणी आवडीने वाचतो असे सहसा आढळत नाही. पदवीदान-समारंभाच्या दिवशी तो वाचून दाखविला जातो, श्रोते सभ्यपणे ऐकून घेतात, दुसऱ्या दिवशी त्यांतील चार आकडे वर्तमानपत्रांत येतात, आणि मग तो कपाटात जाऊन पडतो. इतके विद्यार्थी परीक्षेस बसले, इतके उत्तीर्ण झाले, इतक्यांस आचार्य-पदवी मिळाली, इतकी नवी महाविद्यालये संलग्न झाली, अमुक इमारतीची कोनशिला बसली. हे आकडे खोटे नसतात, निरुपयोगीही नसतात. परंतु एका वर्षाची कमाई खरोखर किती झाली हे समजण्यास मागील शंभर-सव्वाशे वर्षांची जमाबाकी डोळ्यांसमोर असावी लागते. ती जमाबाकी वऱ्हाडापुरती येथे मांडावयाची आहे. मोजणीचा खांब म्हणून आपण दर्यापूर हे गाव धरू. कारण ते जिल्ह्याचे ठाणे नव्हे, विद्येचे जुने पीठही नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचे, कापसाचे आणि खारट विहिरींचे हे तालुक्याचे गाव. येथील शेतकऱ्याच्या मुलास पदवी मिळविण्याकरिता कोठवर जावे लागे, हा एकच प्रश्न विचारला तरी वऱ्हाडातील उच्च शिक्षणाचा सारा इतिहास उलगडतो.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५७ साली, कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. परंतु त्यांपैकी एकही वऱ्हाडच्या वाट्याचे नव्हते. १८६७ साली भुसावळहून नागपुरास जाणारा लोहमार्ग वऱ्हाडातून पार झाला, आणि ज्यांच्या घरी पैसा व धाडस दोन्ही होते त्यांना मुंबई जवळ आली. दादासाहेब खापर्डे हे या पिढीचे ठळक उदाहरण होय. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून त्यांनी १८८४ साली कायद्याची पदवी घेतली व पुढे अमरावतीस वकिली केली. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, त्यामागे अशाच परगावी शिकून आलेल्या मंडळींचे कर्तृत्व होते. पण ही मंडळी बोटांवर मोजण्याइतकी. खेड्यातील कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा महाराच्या मुलाने त्या काळी पदवीचे नाव काढणे म्हणजे काशीयात्रेचा संकल्प करण्यासारखेच होते.

पलीकडे नागपुरास १८८३ साली हिस्लॉप महाविद्यालय आणि १८८५ साली मॉरिस महाविद्यालय निघाले. तथापि त्यांची नाळ जोडलेली होती ती कलकत्त्याशी. विद्यार्थी नागपुरात शिके आणि त्याची परीक्षा घेणारे विद्यापीठ बंगालात असे. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला, १९०४ साली विद्यापीठांचा नवा कायदा झाला, आणि या सर्व मुलुखाची विद्यापीठीय राजधानी अलाहाबाद ठरली. मराठी बोलणाऱ्या, कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडातील मुलाने काय शिकावे याचा निर्णय गंगेच्या काठी होऊ लागला. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणवत नाही. राज्यकारभाराच्या सोयीने रेषा ओढल्या गेल्या, इतकेच. मात्र राज्यकर्त्यांच्या सोयीची रेषा ही विद्यार्थ्याच्या गैरसोयीची असू शकते, हा धडा वऱ्हाडने तेव्हा पुरता घेतला. याच सुमारास मूर्तिजापूरहून अचलपुरास जाणारी लहान आगगाडी सुरू झाली आणि दर्यापुरास बनोशाचे स्टेशन मिळाले. त्या गाडीची योजना कापूस बाहेर नेण्यासाठी होती. विद्यार्थी तिच्यातून गेले ते आनुषंगिक म्हणून.

१९२३ हे वर्ष या इतिहासात मोठे होय. त्या वर्षी ४ ऑगस्ट रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू. आरंभी संलग्न महाविद्यालये अवघी सहा आणि विद्यार्थी ९२७. आजच्या एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात याहून अधिक मुले सापडतील. परंतु त्या वर्षीचा वृत्तान्त जर कोणी आजच्या डोळ्यांनी वाचील, तर त्यास त्या लहान आकड्याचे वजन कळेल. त्याच साली अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले. हेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले, व आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. दर्यापूरच्या दृष्टीने पाहता शिकण्याचे ठिकाण सुमारे ५० किलोमीटरांवर आले, आणि पदवीचे ठिकाण प्रांताच्या आत आले.

तरीही अंतर केवळ कोसांत मोजावयाचे नसते, हे ज्यांना प्रथम कळले त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव अग्रभागी घातले पाहिजे. पापळ या खेड्यात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव अमरावती व पुणे येथून थेट विलायतेस जाऊन विद्वान व बॅरिस्टर होऊन परतले. अमरावतीचे महाविद्यालय तोवर उघडले होते. पण खेड्यातील मुलाने शहरात राहावे कोठे, जेवावे कोठे, आणि त्याच्या जातीस कोण पंक्तीस घेणार, हे प्रश्न कोणत्याही विद्यापीठाच्या नियमावलीत नव्हते. पंजाबरावांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालविले, १९२७ सालच्या अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहात ते पुढे होते, १९३० ते १९३३ या काळात ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते, आणि १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये पुढे वऱ्हाडभर पसरली. विद्यापीठाने दार उघडले खरे, पण दारापर्यंत पोहोचण्याची पायवाट तुडविली ती अशा संस्थांनी. वार्षिक वृत्तान्तात या पायवाटेचा उल्लेख सहसा येत नाही.

दुसरे अंतर भाषेचे. घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या चढता चढता कित्येक बुद्धिमान मुलांची दमछाक होत असे. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने मराठी व हिंदी या भाषांस अध्यापनाचे माध्यम म्हणून स्थान दिले, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. ज्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरी तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, तेथेच मराठी भाषा विद्यापीठ व्हावे म्हणून २०२३ साली कायदा झाला व २०२४ साली त्यास पहिले कुलगुरू लाभले, ही घटनाही याच मालिकेतील मानावी. मराठी गद्याचा पाळणा जेथे हालला तेथे विद्यापीठ यावयास सातशे वर्षांहून अधिक काळ लागला.

तिसरी मागणी शेतीची. १९६७ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ व्हावे म्हणून आंदोलन पेटले व त्यात प्राणही गेले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते विद्यापीठ अकोल्यास स्थापन झाले, आणि चार वर्षांपूर्वी निवर्तलेल्या पंजाबरावांचे नाव त्यास मिळाले. विद्यापीठासाठी लोकांनी रस्त्यावर यावे, यातच त्या प्रदेशाची भूक दिसून येते. शेवटी १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ नागपुराहून वेगळे निघाले. अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा झाल्यावर ते पाच झाले. आज दर्यापुरास स्वतःचे जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय आहे. कलकत्त्याहून निघालेली पदवी अलाहाबाद, नागपूर, अमरावती असे मुक्काम करीत दर्यापूरच्या वेशीशी येऊन ठेपली. कोसांचे अंतर संपले.

मग जमाबाकी पुरी झाली काय? येथे विद्यापीठाच्या नावाकडे लक्ष द्यावे लागते. २००५ साली या विद्यापीठास संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी झाला. आज ते गाव अंजनगाव-सुर्जी तालुक्यात मोडते; पूर्वी अंजनगावचा सारा टापू दर्यापूर तालुक्यातच होता. परिटाच्या घरचा हा डेबूजी शाळेत गेला नाही. १९०५ साली घर सोडून हातात खराटा व डोक्यावर मडक्याचे खापर घेऊन तो निघाला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात लोकांचे मन झाडावे, हा त्याचा पन्नास वर्षांचा क्रम. ताट मोडावे लागले तरी मोडा, पण मुलांस शिकवा, असे तो ज्यांना सांगे त्यांच्या घरी मोडण्यासारखे ताटही अनेकदा नसे. त्याने उभारलेल्या धर्मशाळा पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे आहेत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक पेढी नदीपाशी त्याने देह ठेवला. दर्यापूरहून विद्यापीठाकडे जाणारा रस्ता त्याच वलगाववरून जातो.

निरक्षर पुरुषाचे नाव विद्यापीठास देणे हा गौरव आहे. पण तो कोणाचा? बाबांस त्याची गरज नव्हती. खरे पाहता विद्यापीठाने त्या दिवशी स्वतःच्या परीक्षेचा प्रश्न स्वतःच काढून घेतला. बाबांजवळ जे ज्ञान होते ते ज्यास हवे त्याच्या दारी जाई. ते घेण्यास कोणास परगावी जावे लागले नाही. नामकरणास वर्ष उलटते न उलटते तोच, २००६ साली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गांजलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांकरिता पंतप्रधानांनी विशेष साहाय्य जाहीर केले. त्या सहांपैकी वर्धा सोडून उरलेले पाचही जिल्हे म्हणजे नेमके या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र होय. ज्या घरांतून पहिल्या पिढीचे पदवीधर निघाले, त्यांच्याच शेजारच्या घरांवर हे संकट कोसळले होते. शेतीच्या भावाचा, कर्जाचा व पावसाचा दोष विद्यापीठावर घालणे अन्यायाचे होईल. परंतु एकाच भूमीवर पदव्यांचे आणि निराशेचे पीक एकाच काळी यावे, हे पाहून विद्यापीठाने अस्वस्थ झाले पाहिजे, एवढे म्हणण्याचा अधिकार समाजास खचित आहे.

म्हणून यापुढील वार्षिक वृत्तान्तात चार रकाने अधिक असावेत असे आम्हांस वाटते. घराण्यातील पहिले पदवीधर किती झाले. खेड्यातील मुली शिक्षण अर्धवट न टाकता शेवटपर्यंत किती टिकल्या. पूर्णेकाठची खारपाण जमीन, येथील बाजार, येथील कर्ज व येथील बोली यांवर किती प्रबंध झाले. आणि त्या प्रबंधांतील किती गोष्टी पुन्हा त्या गावांपर्यंत, त्या गावांस समजेल अशा मराठीत, पोहोचल्या. पहिल्या दोन रकान्यांत विद्यापीठाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असेल. पंजाबरावांसारख्यांनी तुडविलेल्या पायवाटेचे ते फळ आहे. शेवटच्या दोन रकान्यांची चिंता अधिक वाटते. दर्यापूरचा मुलगा पदवीपर्यंत पोहोचला, आणि पुष्कळदा पदवी हाती येताच पुण्यामुंबईस गेला. त्याने जाऊ नये असे कोण म्हणेल? पोटासाठी माणसे जातातच. परंतु विद्याही त्याच्याबरोबर गाव सोडून जात असेल, तर बनोशाच्या लहान गाडीतून बाहेर जाणाऱ्या कापसाच्या गठ्ठ्यांत आणि तिच्यात फरक तो काय राहिला?

शंभर वर्षांपूर्वी विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे किती कोस चालावे हा प्रश्न होता, व तो तीन-चार पिढ्यांच्या कष्टाने सुटला. आता विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या गावाकडे किती कोस चालावे हा प्रश्न आहे. अंतर तेच आहे, अमरावती ते दर्यापूर, सुमारे ५० किलोमीटर. फक्त चालण्याची पाळी आता दुसऱ्याची आहे.