शपथ घेतली, मग तिसऱ्या दिवशी कोण?

पोस्ट मोठी आहे मंडळी, सवडीनं वाचा.

आपल्या तिवसा तालुक्यात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम म्हटला की काय होते, हे मला आता पाठ झालंय. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होते, पोरं हात पुढे करून शपथ घेतात, फोटो निघतो आणि रात्री माझ्या व्हॉट्सअॅपवर बातमी येते. वीसेक वर्षं मी या बातम्या लावतोय. शपथेला माझा विरोध नाही. पण शपथ घेतलेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणारा कोण, आणि त्याला कोणी काही शिकवलंय का, हा प्रश्न बातमीत कधी येत नाही. म्हणून आज थोडा इतिहास. सगळा आपल्याच मातीतला आहे.

सुरुवात गाडगेबाबांपासून. जन्म १८७६, शेंडगाव, आपलाच अमरावती जिल्हा. वडील झिंगराजी दारूपायी गेले. मायलेकरं मूर्तिजापूरकडच्या दापुरीला मामाकडे आली. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला, जातीची रीत दारू-मटणाची असताना, डेबूजीनं गोड जेवण घातलं. आज हे वाचायला सोपं वाटते. भाऊबंदांसमोर पंगतीत रीत मोडणं काय असते, ते खेड्यात राहणाऱ्यालाच कळेल.

बाबांच्या कीर्तनाची पद्धत पहा. ते लोकांना सारखे प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली दारू पिणाऱ्यांशी बोलण्याच्या एका पद्धतीवर लेख लिहिला. तिचं सार असं: उपदेश करू नका, वाद घालू नका, प्रश्न विचारा, बदलाचं कारण त्या माणसाच्या तोंडून येऊ द्या. आज जगभर समुपदेशकांना ही पद्धत शिकवतात. दोन्ही एकच आहेत असं म्हणणं बळजबरीचं होईल. बाबा चारचौघांत चांगले फटकारायचेही. पण प्रश्नाची ताकद त्यांना पुरती ठाऊक होती.

मग तुकडोजी महाराज. जन्म १९०९, यावली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. योगायोग असा की त्याच १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात दोन दारुडे, एक शेअर बाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, एकमेकांना सावरायला बसले आणि ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ सुरू झालं. दोघांना एकमेकांची खबर असायचं कारणच नव्हतं. पण एकटा माणूस व्यसनाशी झगडून थकतो, त्याला रोज किंवा आठवड्याला बसायला माणसं लागतात, हे दोन्हीकडे ओळखलं गेलं. आपल्याकडे ती बैठक म्हणजे सामुदायिक प्रार्थना.

महाराजांच्या कामात भजन आणि खंजिरी सगळ्यांना दिसते. त्यामागची बांधणी कमी दिसते. गावोगावी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आणि घरदार बाजूला ठेवून फिरणारे आजीवन प्रचारक. १९५५ ची ग्रामगीता मी तरी या प्रचारकांचं पाठ्यपुस्तक म्हणूनच वाचतो. ४१ अध्यायांतली नावंच पहा: संसर्ग-प्रभाव, प्रचार-महिमा, सेवा-सामर्थ्य, ग्राम-आरोग्य. संगतीचा माणसावर काय परिणाम होतो यासाठी वेगळा अध्याय आहे. व्यसन सोडलेला माणूस संध्याकाळी त्याच पारावर, त्याच दोस्तांत बसला तर काय होते, हे इथल्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईला विचारा.

म्हणजे गावात जाणं, बसणं, बोलणं, माणूस जोडणं एवढं शिक्षण आपल्याकडे होतं. नव्हतं ते शरीराचं. तो काळही तसा नव्हता.

मध्येच कायदा आला. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला, तो निवडक भागांपासून सुरू झाला. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा राज्य पुनर्रचनेनंतर, १९५९ मध्ये विदर्भाला लागू केला गेला. तो आजही पुस्तकात आहे. कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. किती जणांच्या खिशात असतो ते सोडा. कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठावर उभे राहा. अलीकडे बारच्या पाट्या, पलीकडे आर्वी तालुका, म्हणजे दारूबंदीचा वर्धा जिल्हा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपूरच्या बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या, २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये सरकारनं उठवली. या चालण्यामागे काय काय सोसलेलं असते ते मी बातम्या करताना ऐकलंय. पण आमची सगळी चर्चा बंदी हवी की नको इथेच अडकते. नदीच्या दोन्ही काठांवर ज्याला सकाळी हात थरथरतात म्हणून घोट लागतो, त्याच्याकडे पाहायला कोणी नसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं आणि शासनानं मिळून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालवलं, त्यात गावसंघटनेसोबत उपचारही धरले. हे मला जास्त शहाणपणाचं वाटते.

आता पुण्याकडे जाऊ, कारण महाराष्ट्रात हे काम शिकवायची घडी तिथे बसली. २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंचा त्याला मोठा आधार होता. पुण्या-मुंबईत तेव्हा गर्द पसरला होता. अनिताताई मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे शरीराची बाजू पक्की. पण मला महत्त्वाचं वाटते ते वेगळंच. इथे बरा झालेला माणूस पुढे कार्यकर्ता झाला, समुपदेशक झाला. जो स्वतः तळ पाहून आलाय त्याला रुग्ण थापा मारू शकत नाही. मात्र नुसत्या अनुभवावर भागत नाही, म्हणून त्याला शिकवलंही गेलं. पुढे केंद्र सरकारनं मुक्तांगणला या कामाच्या प्रशिक्षणाचं प्रादेशिक केंद्र केलं.

शिकायचं काय असते? एक उदाहरण देतो. आपल्याच भागातला एक शेतमजूर, नाव-गाव देत नाही. वीस वर्षं रोजची दारू. एका कार्यक्रमात शपथ घेतली आणि खरंच सोडली. पहिल्या रात्री झोप नाही, घाम, थरथर. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागले, मेलेल्या बापाशी बोलायला लागला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. अंगारा झाला, लिंबू झालं. कोणीतरी शहाण्यानं गाडी काढून दवाखान्यात नेलं म्हणून वाचला.

हे बाहेरचं नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली की शरीर बंड करते. फिट येण्याचा धोका बहुतेक पहिल्या ४८ तासांत. भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो. औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीत द्यावी लागतात, आणि बी-१ हे साधं जीवनसत्त्व विसरून चालत नाही. शपथ देणाऱ्याला एवढं ठाऊक पाहिजे: शपथेआधी विचारावं, “दादा, सकाळी उठल्याबरोबर लागते का? आधी कधी सोडली तेव्हा फिट आली होती का?” उत्तर हो आलं तर आधी दवाखाना, मग शपथ.

तशीच दुसरी गोष्ट, जेवणात गुपचूप औषध घालणं. बाया बिचाऱ्या कंटाळून करतात. त्यात दारूची अॅलर्जी आणणारं औषध असलं आणि नवऱ्यानं वरून दारू घेतली, तर जिवावर बेतते. हेही कोणीतरी घरात बसून सांगावं लागते, स्टेजवरून नाही.

“एवढे डॉक्टर आणायचे कुठून?” हा प्रश्न रास्त आहे. एम्सच्या मदतीनं झालेलं केंद्र सरकारचं सर्वेक्षण २०१९ ला आलं. त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. भरती होऊन उपचार तर १८० मध्ये एकाला.

पण गोव्यात एक प्रयोग झालाय. ‘संगथ’ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तिथे घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी झाली, जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. फरक दहाचाच, चमत्कार नाही. पण एका तालुक्याचा हिशेब मांडून पहा, किती घरं होतात. आणि हे लोक पूर्ण आहारी गेलेले नव्हते. तसे रुग्ण चाचणीत घेतलेच नव्हते. ही सीमारेषा ओळखणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

कायदाही शिकवला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे झालेले मानसिक त्रास आजारात धरलेत. त्यामुळे रुग्णाला साखळीनं बांधणं गुन्हा आहे. नातेवाइकांनी ‘सुधरवून द्या’ म्हणून सोडलेल्या माणसाला कोंडून मारझोड करणारी केंद्रं राज्यात नाहीत, असं कोणी म्हणू नये.

आणि आपल्या वऱ्हाडापुरतं आणखी एक. इथे घरात फवारणीचं औषध असते. म्हणून इथल्या कार्यकर्त्याला जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल थेट विचारता आलं पाहिजे. विचारल्यानं डोक्यात तसं येते ही समजूत चुकीची आहे. विचारायचं, आणि तो डबा घरातून हलवायला लावायचा.

आता आपल्यापुरतं बोलतो. अश्विन वद्य पंचमीला, महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीत लाखो लोक येतात. गावोगावच्या मंडळांचे सेवक आठवडाभर मुक्कामी असतात. रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसायची सवय असलेली, गावातलं प्रत्येक घर ठाऊक असलेली ही माणसं आहेत. दुसऱ्या कोणत्या तालुक्यात आहे असं? त्या आठवड्यात दोन दिवस मानसोपचारतज्ज्ञ, मुक्तांगणसारख्या ठिकाणचा एखादा अनुभवी समुपदेशक आणि व्यसनातून बाहेर आलेले आपल्याच भागातले दोन-तीन जण यांना बसवून गावामागे दोघांना शिकवता येईल. दोन दिवसांत समुपदेशक होत नाही. पण कोणाला लगेच दवाखान्यात न्यायचं, कोणाशी घरी बसून बोलायचं, तिसऱ्या दिवशी काय पाहायचं, एवढं नक्की येते. मग महिन्याला एकदा तालुक्याला भेटायचं, अडलेलं विचारायचं. मंडळाच्या आणि ग्रामीण रुग्णालयाच्या लोकांशी मी बोलणार आहे. ज्या गावातून नावं येतील, त्यांनी खाली गाव लिहा.

तोवर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट आहे. आणि कोणी आज-उद्या दारू सोडत असेल, तर चार दिवस त्याला एकटं सोडू नका. झोप उडाली, भलतंसलतं दिसायला लागलं, फिट आली, तर १०८ ला फोन करा.