घरचा वाचक

ज्याला आपण खाजगी लेखन म्हणतो ते क्वचितच सर्वस्वी खाजगी असते. रोजनिशी कुलुपात ठेवली तरी ती लिहिताना लेखकाच्या मनापुढे कोणीतरी उभे असतेच. ते कोणीतरी अपरिचित असेल तोवर लेखणी एका चालीने चालते. आपली बहीण, जावई किंवा कचेरीतील सहकारी हे वाचणार असे कळले, की तिची चाल पालटते. आज मोबाईलवर आपले मनोगत लिहिणाऱ्या तरुणांना याचा पडताळा वरचेवर येतो. अनोळखी माणसांपुढे मन मोकळे करता करता एके दिवशी मावशी विचारते, “हे तू आमच्याविषयी लिहिलेस का रे?” आणि पुढचा मजकूर सावध होतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. पत्रे, प्रवासवृत्ते, आत्मचरित्रे ही त्याची साधने होत. आणि त्यांची पारख करताना लेखक कोण एवढे विचारून भागत नाही. त्याच्या घरातले कोण ते वाचणार होते, हेही विचारावे लागते.

जबलपुरात राहणाऱ्याला पहिल्या उदाहरणासाठी लांब जावे लागत नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून प्रसिद्ध असलेला विल्यम स्लीमन याच जिल्ह्यात अंमलदार होता. कटनीच्या वाटेवरील स्लीमनाबाद हे गाव आजही त्याचे नाव सांगते. 1835 च्या अखेरीस प्रकृती बिघडल्यामुळे तो नर्मदाकाठाहून हिमालयाकडे निघाला. या प्रवासात पाहिलेले, ऐकलेले आणि आठवलेले त्याने विलायतेतील आपल्या बहिणीस उद्देशून लिहून काढले. 1844 मध्ये लंडनला ते दोन खंडांत छापले गेले. ‘एका हिंदुस्थानी अधिकाऱ्याची भ्रमंती आणि आठवणी’ असे त्याच्या शीर्षकाचे मराठी करता येईल.

या ग्रंथात गोपाळपूरच्या सतीचे प्रकरण आहे. 24 नोव्हेंबर 1829 रोजी उमेदसिंग उपाध्याय नावाचा वृद्ध ब्राह्मण नर्मदातीरी वारला आणि त्याच्या पत्नीने सहगमनाचा हट्ट धरला. स्लीमनने आदल्या वर्षीच आपल्या जिल्ह्यात सतीला मनाई केली होती. त्याने परवानगी नाकारली. बाई नदीच्या पात्रातील उघड्या खडकावर बसून राहिली. अन्नपाणी वर्ज्य, दिवसा ऊन आणि रात्री नोव्हेंबरातील नर्मदेची थंडी. काही दिवसांनी स्लीमन स्वतः घोड्यावरून तेथे गेला, तिच्याशी बोलला, परोपरीने विनवून पाहिले, आणि शेवटी कुटुंबीयांकडून पुन्हा असे होऊ न देण्याचे वचन घेऊन त्याने संमती दिली. बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा त्यानंतर थोड्याच दिवसांत, 4 डिसेंबरला झाला.

हा मजकूर सरकारी अहवालात आला असता तर किती ओळींचा झाला असता? मीही सरकारी टिपणे लिहिणारा माणूस आहे. अर्ज आला, नामंजूर केला, परिस्थिती पाहून मंजूर केला, कळावे: चार ओळी पुरल्या असत्या. बहिणीला कचेरीतले काहीच ठाऊक नव्हते, म्हणून स्लीमनला खडक, थंडी, बाईच्या अंगावरील वस्त्र, तिचे बोलणे हे सारे मुळापासून सांगावे लागले. घरच्या वाचकाचा हा लाभ मोठा आहे. पण तोच वाचक डोळ्यांपुढे असल्यामुळे लेखकाचे चित्र काहीसे सौम्य, सहृदय उमटते. स्वतःचाच मनाई हुकूम मोडणारा अधिकारी बहिणीला आणखी कसा दिसावा? अभ्यासकाने तपशील निःशंकपणे घ्यावा. अधिकाऱ्याच्या मनाचे वर्णन मात्र थोडे तोलून घ्यावे, असे मला वाटते.

याच स्लीमनने पुढे लखनौचा रेसिडेंट असताना 1849-50 मध्ये अवध प्रांताचा दौरा केला आणि त्याची रोजनिशी ठेवली. ती वरिष्ठांसाठी होती. नको त्या डोळ्यांपासून जपण्यासाठी त्याने आपल्या घरातच लहानसा छापखाना बसवून मोजक्या प्रती काढल्या. तो 1856 मध्ये वारला आणि रोजनिशी 1858 साली प्रसिद्ध झाली. अवध खालसा करू नये असे त्याचे मत होते. खालसा करणाऱ्यांनी मात्र त्याच्याच नोंदींचा आधार घेतला. बहिणीला लिहिलेल्या ग्रंथाच्या वाट्याला असे भोग आले नाहीत.

परंतु स्लीमनची बहीण सातासमुद्रापलीकडे होती. गोपाळपूरच्या घाटावर काय घडले याबद्दल ती त्याला टोकू शकत नव्हती. वाचणारा जेव्हा त्याच घरात, त्याच चुलीभोवती वावरलेला असतो, तेव्हा काय होते, हे पाहण्यास आपल्या मराठी स्त्रियांची आत्मचरित्रे उघडावी लागतात.

रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 मध्ये, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी आल्या. आपण शिकू नये म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायकांनी केलेला जाच त्या सांगतात, पण आवाज कोठेही चढत नाही. त्या घराची रीतच तशी होती.

लक्ष्मीबाई टिळकांचे तसे नाही. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मूळ निमित्त घरचेच: रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी मुलाने, देवदत्तांनी, आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे पहिला वाचक पोटचा मुलगा, आणि विषय त्याचा बाप! त्यापलीकडे दोन समाज वाचणार होते. एक, टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ज्यांच्याशी संबंध ताणले गेले ते ब्राह्मण आप्त. दुसरा, ज्यांच्यात लक्ष्मीबाई स्वतः 1900 मध्ये बाप्तिस्मा घेऊन आल्या ते ख्रिस्ती बांधव. दोघांच्याही भावना जपायच्या तर मौनच सोयीचे होते. लक्ष्मीबाईंनी निराळा मार्ग काढला. सोवळ्याच्या वेडापायी घरात येणारे जिन्नस धुऊन घेणारे वडील, रागाच्या भरात घर सोडून जाणारे आणि हातचा पैसा देऊन टाकणारे पती, ही माणसे त्यांनी जशीच्या तशी उभी केली, आणि प्रत्येक ठिकाणी सर्वांआधी स्वतःचीच फजिती सांगितली. जी स्वतःला हसते तिच्यावर रुसावे कसे, असा पेच त्यांनी घरच्या वाचकाला घातला. मला तर वाटते, ते अलौकिक हास्य काही अंशी याच अडचणीतून जन्मले. केवळ परक्यांसाठी लिहिले असते, तर पुस्तकात कडवटपणा अधिक उतरला असता.

लक्ष्मीबाई 1936 मध्ये वारल्या. त्यांचे टिळक त्यापूर्वी सतरा वर्षे गेले होते, ही गोष्ट विसरू नये. पती हयात असताना लिहिणे याहून कठीण. ते साहस आनंदीबाई कर्व्यांनी केले. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ 1990 मध्ये आले, तेव्हा पु. ल. देशपांडेही हयात होते आणि त्या पुस्तकावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ 1944 चे आहे, आणि आज ते तितकेसे वाचले जात नाही.

आनंदीबाई, घरच्या बाया, म्हणजे पूर्वाश्रमीच्या बालविधवा गोदूबाई जोशी. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ 1915 मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्यात संस्था आहे, वर्गणी आहे, तत्त्वासाठी सोसलेला बहिष्कार आहे. अण्णांनी जवळचा पैसा संस्थेकडे वळवला, तेव्हा चूल कशी चालली हे मात्र बायांच्या पुस्तकात कळते. आपल्या पायांवर उभे राहता यावे म्हणून त्या नागपूरला सुइणीचे शिक्षण घ्यायला गेल्या. पुढे त्याच संस्थेसाठी दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. तक्रार आणि अभिमान त्यांच्या एकाच वाक्यात नांदतात. हे पुस्तक संपादित केले त्यांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांनी. सासूचे गाऱ्हाणे सुनेच्या हातून शुद्ध होऊन छापखान्यात जाते आणि ज्यांच्याविषयी ते आहे ते सासरे घरात आहेत! पुस्तक निघाले तेव्हा अण्णा शहाऐंशी वर्षांचे होते. बाया 1950 मध्ये गेल्या. अण्णांना 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. तोपर्यंत ज्यांना अण्णांच्या संसाराचा जमाखर्च पाहायचा होता त्यांच्यासाठी दोन पुस्तके चौदा वर्षे उपलब्ध होती, आणि दुसरे त्यांच्याच घरातून आलेले होते.